कपाटातील मोटार : दुर्मिळतेच्या मूल्याविषयी काही आक्षेप

१

ग्रंथसंग्रह ही गोष्ट मराठी वाङ्मयव्यवहारात आजवर निरपवादपणे सद्गुण मानली गेली आहे. पोटाला चिमटा काढून, रद्दीच्या दुकानांतून आणि फुटपाथवरच्या ढिगांतून ज्यांनी पुस्तके वेचली, त्यांच्याविषयी आपण आदरानेच बोलतो, आणि ते योग्यच आहे. मात्र या आदराच्या आडोशाने गेल्या काही वर्षांत एक निराळाच व्यवहार प्रतिष्ठित होऊ पाहतो आहे. चर्चासत्रांतून आणि प्रदर्शनांच्या उद्घाटनांतून एक विधान वारंवार कानावर येते : सार्वजनिक ग्रंथालये मोडकळीस आली, विद्यापीठे उदासीन आहेत, तेव्हा आता खासगी संग्राहक हाच मराठी साहित्याचा खरा अभिलेखपाल होय. या विधानाचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला नुसता चुकीचा नव्हे, तर वाङ्मयाच्या अभ्यासाला अपायकारक वाटतो. प्रस्तुत लेख त्या निष्कर्षाविरुद्ध आहे.

वाद तत्त्वाचा असला तरी तो मला सुचला तो एका प्रसंगातून; तेव्हा प्रसंग आधी सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. माझी एक विद्यार्थिनी साठोत्तरी लघुनियतकालिकांवर पीएच.डी.साठी काम करीत होती. तिच्या प्रबंधातील एका प्रकरणाचा सारा डोलारा एका अंकावर उभा होता. त्या अंकातले एक टिपण पुढे अनेकांनी उद्धृत केले, पण प्रत्येकाने आधीच्याच्या लेखातून. मूळ अंक स्वत: पाहिल्याची खूण कोठेच सापडत नव्हती. गिरगावापासून दादरपर्यंतच्या ग्रंथालयांच्या सूची धुंडाळून झाल्यावर कोणीतरी एका संग्राहकाचे नाव सुचवले. लोअर परळ आणि लालबाग यांच्या दरम्यान, जेथे एके काळी गिरणीचे आवार होते तेथे आता उभ्या असलेल्या मनोऱ्यात, ते राहतात. आम्ही दोघी गेलो. स्वागत अगत्याचे झाले.

भिंतभर काचेचे कपाट होते. आत हवेतला दमटपणा मोजणारे एक छोटे यंत्र. वरचे चार खण मोटारींवरील ग्रंथांचे : फेरारी, लॅम्बोर्गिनी, पोर्शे, बुगाटी. क्रमांकित आवृत्त्या, चामड्याच्या बांधण्या. काही ग्रंथ तर अजून प्रकाशकाच्या वेष्टनातच होते. खालचे दोन खण मराठीचे. पहिल्या आवृत्त्या, लेखकांच्या सहीच्या प्रती आणि पारदर्शक पाकिटांत एकेक करून घातलेली लघुनियतकालिके. आम्हांला हवा असलेला अंक त्यांत होता. यजमानांनी तो बाहेर काढला, मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ दाखवले. पाकीट मात्र उघडले नाही. टाचण्या गंजल्या आहेत, उघडताना पान सुटेल आणि पान सुटले की प्रतीचा भाव उतरतो, असे त्यांनी सौम्यपणे समजावून सांगितले. छायाप्रतीचा प्रश्नच नव्हता. अंक कोणत्या वर्षाचा, किती पानांचा, आपल्याला केवढ्याला पडला आणि आज केवढ्याला जाईल, हे सारे त्यांना मुखोद्गत होते. ‘तुम्ही तो वाचला आहे का?’ असे माझ्या विद्यार्थिनीने विचारले, तेव्हा ते प्रांजळपणे ‘नाही’ म्हणाले.

हे गृहस्थ सज्जन होते. त्यांनी आम्हांला चहा दिला, तासभर वेळ दिला, खोटे काही सांगितले नाही. म्हणूनच हा प्रश्न एका व्यक्तीच्या स्वभावाचा राहत नाही. वरच्या खणात शिकलेली रीत त्यांनी खालच्या खणाला तितक्याच निष्ठेने लावली होती, एवढेच. ती रीत कोणती, हे समजून घ्यायचे तर आधी वरच्या खणाकडे पाहिले पाहिजे.

२

कपाटाच्या मध्यभागी, खास प्रकाशझोतात, फेरारीवरचा एक ग्रंथ होता. २०१८ मध्ये टाशेन या जर्मन प्रकाशनसंस्थेने तो काढला. संपादन पीनो अलिएवी यांचे, आणि ग्रंथाची पेटी मार्क न्यूसन या अभिकल्पकाने फेरारीच्या इंजिनाच्या घडणीवर बेतलेली. प्रती १९४७, कारण फेरारी या नावाची पहिली मोटार १९४७ साली कारखान्याबाहेर पडली. प्रत्येक प्रतीवर क्रमांक आणि सही. त्यातही पहिल्या अडीचशे प्रतींना धातूच्या वळणदार नळ्यांची स्वतंत्र बैठक. किंमत हजारो डॉलरांच्या घरात.

या ग्रंथाला हसणे सोपे आहे. मला ते करायचे नाही. मोटारीचा इतिहास हा यंत्रविद्येचा, श्रमाचा आणि अभिरुचीचा इतिहास आहे. त्यावर उत्तम ग्रंथ असू शकतात आणि आहेत. शारदा द्विवेदी आणि मानवेंद्रसिंह बरवानी यांचा भारतीय संस्थानिकांच्या मोटारींवरचा इंग्रजी ग्रंथ २००३ मध्ये निघाला. संस्थानी वैभव, त्यामागचा शेतसारा आणि वसाहतीच्या काळातील प्रतिष्ठेच्या कल्पना यांचा अभ्यास करणाऱ्याला तो निश्चित उपयोगी पडेल. आक्षेप विषयाला नाही. ग्रंथ या वस्तूचे येथे जे होते, त्याला आक्षेप आहे.

रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये सिट्रोएनच्या एका नव्या मोटारीवर लिहिताना मोटारीची तुलना मध्ययुगीन गॉथिक चर्चशी केली होती, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, अशी वस्तू अनामिक कलावंत घडवतात आणि ती वापरायला मिळो न मिळो, तिच्या प्रतिमेचा उपभोग सारा समाज घेतो. हे निरीक्षण मुंबईला नीट लागू पडते. लालबागच्या पुलाखाली उभे राहून लाल रंगाची फेरारी जाताना पाहणाऱ्या पोराला ती कधीच मिळणार नाही; पण तिचे दर्शन त्याला फुकट मिळते, आवाज फुकट मिळतो, चार दिवस पुरेल इतका गप्पांचा विषय फुकट मिळतो. मोटार कितीही महाग असो, तिला रस्त्यावर यावेच लागते. त्या मोटारीवरचा ग्रंथ मात्र रस्त्यावर येत नाही. मोटारीने जी प्रतिमा नाइलाजाने सर्वांना वाटली, तीच प्रतिमा हा ग्रंथ परत गोळा करतो आणि पेटीत बंद करतो. म्हणजे ग्रंथ, जो मोटारीहून स्वस्त आणि मोटारीहून सार्वजनिक असावयास हवा, तो येथे मोटारीहूनही खासगी होतो. मारिनेत्ती यांनी १९०९ च्या जाहीरनाम्यात धावत्या मोटारीला ग्रीक शिल्पाहून सुंदर ठरवले ते वेगासाठी. त्या वेगाचे अंतिम ठिकाण दमट हवेपासून जपलेले एक कपाट असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा ग्रंथ ‘दुर्मीळ’ कोणत्या अर्थाने? एक साधा हिशेब करू. मराठीत कवितासंग्रहाची आवृत्ती बहुधा पाचशे किंवा हजार प्रतींची असते. दुसरी आवृत्ती निघणे हा अपवाद. म्हणजे परळच्या एखाद्या पतपेढीतून कर्ज काढून कोणी कवीने छापलेला पहिला संग्रह जन्मत:च फेरारीच्या ग्रंथाहून दुपटीने दुर्मीळ असतो. तरीही तो संग्रह प्रकाशनानंतर दोन वर्षांनी रद्दीत किलोवर जातो आणि फेरारीच्या १९४७ प्रती लाखो रुपयांना विकल्या जातात. याचा अर्थ उघड आहे. दुर्मिळता हा प्रतींच्या संख्येचा गुण नाही. प्रतींवर क्रमांक घालण्याचा, तो क्रमांक जाहीर करण्याचा आणि इतरांना ती प्रत मिळणार नाही याची हमी विकण्याचा तो व्यवहार आहे. पुस्तक कमी आहे म्हणून महाग नसते. ते महाग विकायचे असते म्हणून कमी केले जाते. मार्क्सने क्रयवस्तूच्या ठायी जे गूढ पाहिले, ते येथे पेटीच्या नळ्यांइतके चकचकीत होऊन समोर येते : माणसामाणसांतले नाते वस्तूच्या अंगचा गुण असल्यासारखे भासू लागते.

१९४७ हा आकडा मराठीच्या अभ्यासकाला आणखी एका कारणाने अस्वस्थ करतो. त्याच साली बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ प्रसिद्ध झाल्या. यंत्राने पिळलेली मुंबई मराठी कवितेत प्रथमच इतक्या थेटपणे आली ती या छोट्या पुस्तकातून. त्यावर अश्लीलतेच्या आरोपावरून खटलाही झाला. या संग्रहाची पहिली आवृत्ती आज संग्राहकांच्या बाजारात मानाची वस्तू आहे. पण ‘काही कविता’ महत्त्वाच्या आहेत त्या पहिल्या आवृत्तीचा कागद पिवळा पडला म्हणून नव्हे. मर्ढेकर हे आपल्याकडचे सर्वांत कडवे रूपवादी समीक्षक. सामाजिक उपयुक्तता, नीती, वास्तव या साऱ्यांना त्यांनी सौंदर्याच्या निकषांतून बाहेर ठेवले. पण त्यांनीही लयीची तीनच तत्त्वे सांगितली : संवाद, विरोध आणि समतोल. दुर्मिळता हे चौथे तत्त्व त्यांना सुचले नाही. सौंदर्य हे घटकांच्या परस्परसंबंधांत असते असे मानणाऱ्या माणसाला ते सुचणे शक्यही नव्हते.

३

संग्राहकाच्या बाजूने वॉल्टर बेंजामिन यांना हटकून उभे केले जाते. १९३१ साली आपल्या ग्रंथांच्या पेट्या उघडताना त्यांनी लिहिलेला निबंध सुंदर आहे आणि संग्राहकाच्या वेडाविषयी इतक्या मायेने क्वचितच कोणी लिहिले असेल. पण हा निबंध उद्धृत करणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही. सार्वजनिक संग्रह समाजाच्या दृष्टीने कमी आक्षेपार्ह आणि अभ्यासाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त असतात, हे बेंजामिन तेथेच मान्य करतात. वस्तूला तिचा खरा मान खासगी संग्रहातच मिळतो, हे त्यांचे म्हणणे वस्तूविषयी आहे, संहितेविषयी नाही. शिवाय संग्राहक या जातीचा काळ सरत आला आहे, याचेही त्यांना भान होते. चार-पाच वर्षांनी त्याच लेखकाने यांत्रिक पुनरुत्पादनावरचा आपला विख्यात निबंध लिहिला आणि कलाकृतीभोवतीचे तेजोवलय विरण्यात एक मुक्तीची शक्यता पाहिली. छापील ग्रंथ तर जन्मानेच पुनरुत्पादन आहे. ज्या वस्तूची एकमेव मूळ प्रत असतच नाही, तिच्याभोवती पुन्हा तेजोवलय चढवण्याचा उद्योग म्हणजे छपाईच्या शोधाचाच इन्कार होय.

या इन्काराची सर्वांत ठळक खूण प्रतीची श्रेणी ठरवण्याच्या पद्धतीत दिसते. मोटारींच्या ग्रंथसंग्राहकांत केवळ चकचकीत ग्रंथांनाच मागणी असते असे नाही. जुन्या मोटारींच्या दुरुस्तीच्या पुस्तिका, विक्रीची माहितीपत्रके यांनाही असते. या पुस्तिका मुळात गॅरेजसाठी छापल्या गेल्या. ऑपेरा हाऊस आणि लॅमिंग्टन रोडच्या परिसरातील कारागिरांनी त्या इंजिनाशेजारी उघड्या ठेवून वापरल्या. पानांवर ग्रीसचे अंगठे उमटले, समासात मापे लिहिली गेली, आकृत्यांवर खुणा झाल्या. संग्राहकाच्या बाजारात असली प्रत खालच्या श्रेणीची. वरची श्रेणी तिची, जिला कोणाचा हात लागला नाही. म्हणजे पुस्तक ज्या कामासाठी जन्मले ते काम त्याने केले असेल, तर त्याची किंमत घटते. केले नसेल, तर वाढते. न वाचलेले पुस्तक हे येथे आदर्श पुस्तक आहे.

हाच निकष मराठी ग्रंथाला लावून पाहा. जुन्या वाचनालयातील प्रतीच्या समासात कोणा अनाम वाचकाने शिसपेन्सिलीने केलेला वाद, शाळामास्तराने केलेल्या दुरुस्त्या, कामगार वाचनालयाचा शिक्का, देवघेवीच्या तारखांची चिकटवलेली चिठ्ठी, हे सारे संग्राहकाच्या लेखी दोष आहेत. साहित्याच्या अभ्यासकाच्या लेखी तो पुरावा आहे. अभिग्रहणाचा सिद्धान्त आपण वर्गात शिकवतो, वाचकांच्या अपेक्षांच्या क्षितिजाविषयी बोलतो. पण मराठी वाचकाने विसाव्या शतकात कसे वाचले याचा प्रत्यक्ष पुरावा अशा मळक्या प्रतींतच शिल्लक आहे. बाजार त्या प्रतींना हीन ठरवतो, आणि हीन ठरलेली प्रत रद्दीत जाते. संग्राहक साहित्याचा इतिहास जतन करतो असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्याचा निकष त्या इतिहासातला वाचक पुसून टाकणारा आहे.

४

येथे प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा घेतला पाहिजे. ‘संग्राहक नसते तर जे काही उरले आहे तेही उरले नसते’, असे म्हटले जाते. हे खरे आहे, आणि मी ते नाकारत नाही. कोणीतरी जपले म्हणूनच आपल्यापर्यंत आले. प्रश्न पुढचा आहे : जपणे म्हणजे काय?

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्याची पाठराखण केली. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे हे पुस्तक मराठीच्या स्मरणातून नाहीसे झाले. ते परत आले १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांनी त्याचे संपादन केले आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने ते छापले तेव्हा. पुढे १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅन्लन यांनी त्याचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. आज भारतीय स्त्रीवादी विचारांचा कोणताही गंभीर अभ्यास या पुस्तकाला वगळून करता येत नाही. क्षणभर कल्पना करा की, मालशांच्या हाती आलेली प्रत त्यांनी पाकिटात घालून कपाटात ठेवली असती. तिची किंमत आज किती झाली असती, याचा अंदाजही करवत नाही. आणि ताराबाई शिंदे हे नाव मात्र एखाद्या सूचीतली एक ओळ होऊन राहिले असते.

गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे. गिरगाव, भुलेश्वर, परळ यांचे ते चित्र शंभर वर्षे सामान्य वाचकाला अप्राप्य होते. १९६१ मध्ये न. र. फाटकांच्या संपादनाखाली ते पुन्हा निघाले आणि मुंबईच्या इतिहासाच्या अभ्यासाला एक मराठी आधारग्रंथ मिळाला. २००८ मध्ये मुरली रंगनाथन यांच्या अनुवादामुळे तो मराठी न जाणणाऱ्यांपर्यंतही पोहोचला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली आणि १९५० पर्यंतच्या ग्रंथांचा पुढला भाग १९६१ मध्ये. दात्यांनी हाताळलेल्या पुस्तकांची आजच्या भावाने किंमत काढली तर एखादा मनोरा उभा राहील. पण त्यांनी आपल्यासाठी ठेवली ती पुस्तके नव्हेत. कोणते पुस्तक अस्तित्वात आहे, हे सर्वांना कळवणारी यादी. जुन्या मुद्रितांना ‘दोलामुद्रिते’ हा सुंदर शब्द मराठीत रूढ झाला. पाळण्यातली ही पुस्तके मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने सांभाळली, आणि अलीकडे त्यांच्या अंकीय प्रती राज्य मराठी विकास संस्थेने कोणालाही घरबसल्या वाचता येतील अशा खुल्या केल्या.

मालशे, फाटक, दाते हे तिघेही दुर्मीळ पुस्तकांच्या मागे लागलेले लोक होते. मोटारग्रंथांच्या संग्राहकाइतकेच ते वेडे असतील. पण त्यांच्या वेडाची दिशा उलटी होती. हाती आलेली दुर्मीळ वस्तू सुलभ करणे, म्हणजे तिची दुर्मिळता नष्ट करणे, हे त्यांचे काम होते. ज्या दिवशी ‘स्त्रीपुरुष तुलना’ची नवी आवृत्ती दुकानात आली, त्या दिवशी जुन्या प्रतीचे संहिता म्हणून असलेले एकाधिकाराचे मोल संपले. अभ्यासकाच्या दृष्टीने हा विजय आहे. संग्राहकाच्या दृष्टीने तोटा. या दोन व्यवहारांना ‘ग्रंथप्रेम’ हे एकच नाव देणे हा शब्दांचा घोळ आहे, आणि ‘संग्राहक हाच अभिलेखपाल’ हे विधान त्या घोळावरच उभे आहे. अभिलेखागाराची व्याख्या त्यात काय आहे यावर होत नाही. तेथे मागणी-चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार कोणाला आहे, यावर होते.

कायद्याच्या भाषेतही हा भेद स्पष्ट आहे. प्रत विकत घेणारा कागदाचा मालक होतो, शब्दांचा नव्हे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे ते शब्द त्याचे किंवा त्याच्या वारसांचे असतात, पुढे सर्वांचे. संग्राहकाचे ते कधीच नसतात. पण एकमेव ज्ञात प्रत त्याच्याकडे असली की, कायद्याने न दिलेला अधिकार त्याला कुलपाने मिळतो.

५

लघुनियतकालिकांच्या बाबतीत या कुलपाला एक क्रूर विनोदाची छटा येते. १९५५ च्या सुमारास ‘शब्द’ चक्रमुद्रित स्वरूपात निघाले. पुढे ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’ आले. स्वस्त कागद, अनियमित प्रकाशन, मित्रांत वाटप, जाहिरातदार आणि प्रस्थापित संपादक या दोघांनाही दिलेला नकार, ही या चळवळीची केवळ परिस्थिती नव्हती. ती तिची भूमिका होती. या मंडळींपैकी काहींनी साठीच्या दशकाच्या अखेरीस गिरगावातल्या खटाववाडीत ‘सत्यकथे’चा अंक जाळला. त्या कृतीविषयी कोणाचे काही मत असो, तिच्यामागचे म्हणणे निदान एवढे तरी होते की, छापील अंक हा पूजेचा विषय नाही. आज त्याच लोकांचे अंक पूजेला बसले आहेत. ज्या टाचण्या गंजण्याची तमा त्यांना नव्हती, त्या टाचण्यांसाठी अंक वाचायचा नाही, असा नियम झाला आहे. प्रस्थापिताने बंडखोराला गिळण्याचे अनेक मार्ग आपण समीक्षेत नोंदवले आहेत : पारितोषिक, पाठ्यपुस्तक, अध्यक्षपद. पारदर्शक पाकीट हा त्यांतला सर्वांत नवा आणि सर्वांत निर्विघ्न मार्ग. पाठ्यपुस्तकात निदान मुले ती कविता वाचत तरी होती.

आणि जे कपाटात आले नाही त्याचे काय? ज्या जमिनीवर तो मनोरा उभा आहे, त्या गिरणगावाचा छापील इतिहास आठवून पाहा. तमाशाच्या आणि लोकनाट्यांच्या आण्या-दोन आण्यांच्या चोपड्या, शाहिरांची गाणी, कामगार रंगभूमीच्या नाटकांच्या संहिता, संघटनांची पत्रके, मंडळांचे हस्तलिखित अंक. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले; त्या काळात परळ-लालबागच्या चाळींतून किती पत्रके फिरली असतील! प्रतींच्या संख्येने पाहिले तर यांतले पुष्कळसे कागद आज कोणत्याही फेरारी-ग्रंथाहून शेकडो पटींनी दुर्मीळ आहेत. कित्येकांची एकही प्रत नसेल. पण त्यांना श्रेणी नाही, लिलाव नाही, म्हणून त्यांना कोणी दुर्मीळ म्हणत नाही. बाजार दुर्मीळ वस्तू जपत नाही. जिचा भाव वाढेल तीच वस्तू जपतो. एखाद्या भाषेच्या साहित्याची स्मृती या निकषावर सोपवायची म्हणजे कोणाची स्मृती राहावी आणि कोणाची जावी, हे आधीच ठरवून टाकणे होय.

याच परळमध्ये पुस्तकाची दुसरी एक पेटी होऊन गेली आहे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्त्यांत मोफत वाचनालये चालवली आणि पुस्तकांच्या पेट्या वस्तीवस्तीतून फिरवल्या. त्या पेट्या लाकडी असतील, कोपरे झिजलेले असतील, आतली पुस्तके फाटून परत आली असतील. त्यांतले एखादे पुस्तक आज कोणाकडे असलेच, तर त्याला खालचीच श्रेणी मिळेल. इंजिनाच्या आकाराची पेटी आणि ही फिरती पेटी, या दोन्हींमध्ये पुस्तकेच आहेत. पण संस्कृती म्हणून त्यांच्यात शंभर वर्षांचे आणि एका संपाचे अंतर आहे.

६

एवढे लिहिल्यावर बोट स्वत:कडे वळवले नाही तर लेखाला अर्थ राहणार नाही. संग्राहकाच्या कपाटात मराठीचे दोन खण आले ते कोणी चोरून नेले नाहीत. आपण टाकले आणि त्याने उचलले. मी ज्या महाविद्यालयात शिकले, तेथील ग्रंथालयाने जागेच्या अडचणीमुळे जुनी नियतकालिके वजनावर काढली, तेव्हा मराठी विभागातल्या कोणीही आवाज उठवला नाही. पुढे मी स्वत: प्राध्यापक झाल्यावर संहिता-संपादनाला, सूचिकार्याला, पुनर्मुद्रणाला ‘हमाली’ म्हणणाऱ्यांत कित्येक वर्षे मीही होते. सिद्धान्तावर लिहिलेल्या दहा पानांना जो मान आम्ही दिला, तो एका जुन्या अंकाची विश्वसनीय अनुक्रमणिका तयार करणाऱ्याला दिला नाही. आता त्या सिद्धान्ताला आधारभूत संहिताच मिळत नाही, अशी वेळ आली आहे.

म्हणून केवळ खेद व्यक्त करून थांबू नये. तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली : जो संग्राहक आपल्याकडे काय आहे याची यादी जाहीर करीत नाही आणि अभ्यासकाला वाचू देत नाही, त्याला प्रबंधाच्या ऋणनिर्देशात, चर्चासत्राच्या मंचावर ‘जतनकर्ता’ म्हणून मिरवू देऊ नये. आपली विद्वत्ता त्याच्या मालाचा भाव वाढवते, हे आपण विसरतो. दुसरी : खासगी प्रतीच्या आधारे काम करणाऱ्या संशोधकाने, हक्कधारकांची संमती घेऊन, त्या प्रतीची प्रतिमा एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी, आणि विभागांनी तसा आग्रह धरावा. पुढच्या वाचकाला पडताळता येणार नाही असे अवतरण हे अवतरण नव्हे, ती साक्षीदाराविना दिलेली साक्ष होय. तिसरी : संपादन आणि पुनर्मुद्रण हे संशोधनच आहे, असे नेमणुकीच्या आणि पदोन्नतीच्या वेळी मानले जावे. मालशांनी केलेले काम आज एखाद्या तरुण अध्यापकाने केले, तर त्याच्या पदरात किती गुण पडतील, हा प्रश्न प्रत्येकाने स्वत:ला विचारावा.

फेरारीच्या ग्रंथाला यातले काहीच लागू करण्याची गरज नाही. तो ज्यांच्यासाठी निघाला त्यांच्याजवळ तो आहे. त्याचे शब्द कोणाच्या अभ्यासाला अडून राहिलेले नाहीत. मोटारीसारखा ग्रंथ जमवणाऱ्याला जमवू द्यावा. भांडण वरच्या खणाशी नाहीच. ते आहे खालच्या दोन खणांत येऊन पडलेल्या, वाचण्यासाठीच छापल्या गेलेल्या आणि आता वाचनापासूनच संरक्षित झालेल्या मराठी कागदांसाठी.

माझ्या विद्यार्थिनीचा प्रबंध वेळेवर सादर झाला. त्या टिपणाचे अवतरण तिने, इतरांप्रमाणेच, दुसऱ्याच्या लेखावरून घेतले. फक्त खाली एक ओळ जोडली : ‘मूळ अंक पाहिला, वाचता आला नाही.’ मार्गदर्शक म्हणून त्या ओळीखाली माझी सही आहे. त्यानंतर मी माझे स्वत:चे कपाट उघडले. त्यात नियतकालिकांचे सत्तेचाळीस सुटे अंक निघाले. त्यांतले काही वीस वर्षांत मीही कोणाला दाखवले नव्हते. त्यांची यादी विभागाच्या सूचनाफलकावर लावली आहे. अंक विभागाच्या कपाटात आहेत, किल्ली शिपायाजवळ आहे. पाने सुटली तर सुटोत.